कवितेस, गासहून

गास, ता. वसई, जि. पालघर

प्रिय कविते,

आमच्या गासला लागूनच भुईगाव आहे. १९५६ मध्ये तिथे अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजींना जवळच्याच सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरचं गजबजलेलं बंदर होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावर जावं म्हणून राजाचं म्हणणं इथे दगडावर कोरून ठेवलेलं होतं.

नवव्या लेखात राजा काय म्हणतो, ते देशात इतरत्र मिळालेल्या प्रतींवरून नीट कळतं. आजारपणात, लग्नाकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. त्यातही बायका फार करतात आणि ते विधी क्षुल्लक, निरर्थक असतात. असे विधी करावेत, पण त्यांचं फळ थोडं. पुष्कळ फळ देतं ते धर्ममंगल: नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जीवमात्रांशी संयमाने राहणं.

ही शिकवण थोर आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. पण बायकांविषयीचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते तुझ्याविषयीही आहे असं मी धरून चालते. लग्न, बाळंतपण, दुखणं, प्रवास या राजाने मोजलेल्या सगळ्या जागा तुझ्याच तर आहेत. गाण्यावाचून मंगलकार्य झालेलं आमच्या बाजूला कुणी पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही ते तसंच असणार. 'तुझा उपयोग काय' हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात. तो आमच्या शिवेवर २२०० वर्षांपूर्वीच दगडावर चढला होता आणि त्याचं उत्तरही राजाने देऊन टाकलं होतं: उपयोग आहे, पण थोडा.

यानंतर काही शतकांनी याच प्रदेशावर सातवाहनांचं राज्य आलं. सोपाऱ्याच्या स्तूपाच्या टेकाडात सातवाहन राजाचं चांदीचं नाणं मिळालेलं आहे. त्या घराण्यातला हाल राजा तुला चांगला ठाऊक आहे. त्याने महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा एकत्र केल्या, आणि कोटी गाथांमधून त्या निवडल्याचं त्या संग्रहातच सांगितलेलं आहे. त्या गाथांमध्ये कोण आहे? शेत राखणारी बाई, गावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी सून, तिच्यावर डोळा ठेवणारी सासू, पावसात अडकलेला वाटसरू, नांगर धरणारा कुणबी. ज्या माणसांच्या घरगुती उलाढालींत एका राजाला थोडंच फळ दिसलं, त्यांच्याच तोंडचे चार शब्द दुसऱ्या राजाने जपून ठेवले. मला दुसऱ्याचं बरोबर वाटतं. का वाटतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी वसई तालुक्यातल्या शाळेत मराठी शिकवते. तुझ्याविषयी दोन टोकांची मतं मला रोज ऐकू येतात. पालक म्हणतात, कवितेने पोट भरत नाही, गुण मिळतील एवढी करून घ्या. साहित्याच्या व्यासपीठावरची काही माणसं म्हणतात, कवितेला उपयोग विचारणं हाच तिचा अपमान आहे, ती उपयोगाच्या पलीकडची आहे. या दुसऱ्या मताने तुझं जास्त नुकसान केलं आहे. उपयोगाच्या पलीकडे नेऊन बसवलेली वस्तू लोक मखरात ठेवतात आणि रोजच्या जगण्यातून वजा करतात. तुझ्या संग्रहाच्या काही शे प्रती छापल्या जातात, त्यातल्या बऱ्याच कवींमध्येच वाटल्या जातात, आणि मग वाचक राहिला नाही म्हणून हळहळ होते. वाचक दुसरीकडे आहे. तो तुला वाचत नसेल, पण रोज म्हणतो आहे.

आम्ही कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. दर रविवारी गासच्या चर्चमध्ये मिस्सा होते. तिच्यात पहिलं वाचन संपलं की प्रतिसाद स्तोत्र येतं. एकजण पुढे उभा राहून कडवं म्हणतो आणि खाली बसलेली सगळी माणसं एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात. ती माणसं फुलांची वाडी करणारी आहेत, बँकेत काम करणारी आहेत, रिक्षा चालवणारी आहेत. त्यांना विचारलं की तुम्ही कविता वाचता का, तर ती ओशाळून नाही म्हणतील. पण दर आठवड्याला ती एक हिब्रू कविता म्हणतात. बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे कविता आहेत. आमच्या आजीच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये चालायची. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली आणि त्या कविता लोकांच्या जिभेवर आल्या.

हिब्रू कवितेची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती यमकावर उभी नाही. ती एक गोष्ट सांगते आणि लगेच तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत, किंचित पुढे नेऊन, पुन्हा सांगते. यमक भाषांतरात मोडतं. ही दुहेरी चाल मोडत नाही. म्हणून जेरूसलेमच्या आसपास कुणीतरी केलेली कविता मराठीतही आपल्या पायांवर उभी राहते. आमच्यापैकी कुणी कधी मेंढरं राखली नाहीत, तरी मेंढपाळाचं ते तेविसावं स्तोत्र प्रेतयात्रेत म्हटलं की माणसं सावरतात.

त्या दीडशेत सर्वांत मोठा वाटा विलापांचा आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. देवाला जाब विचारणाऱ्या, रागावलेल्या, थकलेल्या कविता. बहुतेक विलाप शेवटी वळण घेतात आणि आशेला लागतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि तरीही प्रार्थनेच्या पुस्तकात त्याला जागा आहे. ते ज्यांनी तिथे राहू दिलं त्यांचे मी आभार मानते. ज्याला आशा सापडत नाही, त्यालाही तोंडी धरायला काहीतरी लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

माझे काका गेले तेव्हा काकी दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. येणारी माणसं तिच्याजवळ बसायची, हात धरायची आणि काय बोलावं ते न कळून उठून जायची. संध्याकाळी घरात रोझरी झाली आणि पाठोपाठ लितानी सुरू झाली. लितानी म्हणजे मरियेला एकामागून एक दिलेली नावं आणि प्रत्येक नावानंतर लोकांनी म्हणायची तीच एक विनवणी. पाचसहा नावं झाली असतील. सगळ्यांच्या आवाजात काकीचाही आवाज मिसळलेला ऐकू आला. तिला स्वतःचं वाक्य जुळवायचं नव्हतं. वाक्य तयार होतं, शेकडो वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं, आणि घरातली वीस माणसं ते तिच्याबरोबर म्हणत होती.

तुझा पहिला उपयोग मी इथे पाहते. तू उसनी मिळतेस. घरातली साखर संपली तर शेजारी वाटी घेऊन जावं, तसे शब्द संपले की माणूस तुझ्या दारी येतो. उसनं आणलेलं परत करताना वाटी थोडी जास्त भरून द्यायची रीत आहे, तीही लोक तुझ्याबाबतीत पाळतात. ज्या बाईने नवऱ्याच्या मरणात ते स्तोत्र म्हटलं, तिच्या तोंडून पुढच्या वेळी ते ऐकताना त्यात तिचा नवराही असतो.

लोकांना तू किती लागतेस याचा एक जुना दाखला गोव्याकडचा आहे. सोळाव्या शतकात तिथे जी माणसं ख्रिस्ती झाली, त्यांच्याकडची जुनी पुराणं गेली. त्यांना नवा धर्म मिळाला होता, प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तकं मिळाली होती. पण बसून ऐकायला, गायला काही नव्हतं, आणि त्यांनी ते मागितलं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ मध्ये राचोलला छापला गेला. आमच्या वसईची माणसंही त्याच काळात पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती झाली, म्हणून मला ही हकीकत परकी वाटत नाही. माणसं देव बदलून राहू शकली. तुझ्याशिवाय राहणं त्यांना जमलं नाही.

तुझा दुसरा उपयोग बायकांना जास्त ठाऊक आहे. जे बोललं तर भांडण होईल, ते तुझ्यातून बोलता येतं. पहाटे जात्यावर बसलेली सून सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेरून न आलेल्या भावाबद्दल काय काय म्हणत आली आहे! तेच तिने दुपारी ओसरीवर साध्या बोलण्यात म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. ओवीत म्हटलं की ते गाणं ठरतं. ऐकणाऱ्याला कळतं, पण अंगावर घेता येत नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून, तिथल्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या लोकांपुढे ठेवल्या जात आहेत. त्यात देवादिकांच्या ओव्या आहेत, लेकीबाळींच्या आहेत, आणि बाबासाहेब आंबेडकरांवर दलित बायकांनी गायलेल्याही आहेत. एक लाख! त्या म्हणणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांनी आयुष्यात पुस्तक हातात धरलं असेल. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी टिपली म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला त्या कळल्या. न टिपलेल्या किती गेल्या असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. गासच्या घराघरात जाती होती. तांदूळ दळताना माझी आजी काय म्हणायची त्यातली चाल मला येते, शब्द अर्धेच येतात.

जातं गेलं, गिरणी आली. विहिरीवरचा रहाट गेला, पंप आला. ज्या कामांच्या तालावर तू चालायचीस ती कामं गेली, म्हणून तू गेलीस असं काही लोक म्हणतात. मला तसं दिसत नाही. पहाटे मोगरा, कागडा, सोनटक्का, जास्वंद घेऊन दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्या आमच्या बाया नालासोपाऱ्याला गाडीत चढतात, त्याच रुळांवरून थोड्या वेळाने धावणाऱ्या विरार गाडीत भजनी मंडळं उभी असतात. टाळ असतात, कधी ढोलकी असते, पाय ठेवायला जागा नसते. बोरिवली येईपर्यंत तुकोबांचे तीन अभंग झालेले असतात. तिथे अभंग म्हणणारा माणूस पुढे नऊ तास दुसऱ्याच्या हुकमावर राबणार आहे. सकाळचा हा तास मात्र त्याच्या घशातून, त्याच्या ठेक्यावर जातो. मी यापेक्षा मोठा अर्थ त्यात भरू इच्छित नाही. एवढाही पुष्कळ आहे.

आता लग्नाकडे येते, कारण राजानेही लग्नाचं नाव घेतलं होतं.

आमच्याच पालघर जिल्ह्यात, रेल्वे आणि महामार्ग ओलांडून पूर्वेला, डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे आहेत. त्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरी गाते. धवलेरी ही बाई असते. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. शहरात जे काम नोंदणी कार्यालयातला अधिकारी सही करून करतो, ते तिथे एक बाई गाऊन करते. मराठीतली पहिली कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी धवळे रचले. म्हणजे मराठीत बाईची कविता पहिल्यांदा लिहून ठेवली गेली तीच लग्नाच्या मांडवातली. ज्यांना 'प्रासंगिक कविता' हा शब्द कमीपणाचा वाटतो त्यांना मी हे नेहमी सांगते.

आणि मंगलाष्टकं! गासमध्ये आमच्या शेजारी सामवेदी ब्राह्मणांची घरं आहेत. लग्न ठरलं की त्या घरांतली एखादी आत्या किंवा मावशी वही काढते आणि मंगलाष्टक रचायला बसते. त्यात दोन्ही कुळांची नावं यायला हवीत, आजीआजोबांचा आशीर्वाद यायला हवा, वराच्या नोकरीचा उल्लेख साधायला हवा. ती बाई ज्या वृत्तात लिहिते ते शार्दूलविक्रीडित आहे. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. तिला वृत्ताचं नाव सांगता येणार नाही. गण पाडता येणार नाहीत. पण लहानपणापासून मांडवात उभं राहून, हातात अक्षता घेऊन, तिने ती चाल इतक्यांदा ऐकलेली असते की चुकलेलं अक्षर तिच्या कानाला खटकतं आणि ती ते बदलते. संस्कृत नाटककारांनी वापरलेलं वृत्त एकविसाव्या शतकात गासमधल्या एका स्वयंपाकघरात जिवंत आहे, आणि ते तिथे कुठल्या अभ्यासक्रमाने पोचवलेलं नाही. अशी मंगलाष्टकं कविता म्हणून बेताचीच असतात, हे मान्य. पण ज्या दिवशी ती म्हटली जातात त्या दिवशी मांडवातल्या प्रत्येक माणसाला त्यात आपलं नाव कधी येतं याची वाट असते. एवढे कान देऊन ऐकणारा श्रोता किती कवींना मिळतो?

वर्गात मी म्हणूनच मुलांना कविता पाठ करायला लावते. पाठांतर जुनाट पद्धत आहे असं मला सुचवलं जातं. परीक्षेत कवितेचा मध्यवर्ती विचार विचारतात, रसग्रहण विचारतात, ते मी शिकवते. पण मध्यवर्ती विचार उत्तरपत्रिकेबरोबर जमा होतो. पाठ झालेली कविता मुलाजवळ राहते. आमच्या गावातले सत्तरीचे गृहस्थ चौथीच्या पुस्तकातली कविता चालीसकट म्हणून दाखवतात, आणि त्याच पुस्तकातला एकही धडा त्यांना आठवत नाही. ती कविता पन्नास-साठ वर्षं त्यांच्याबरोबर शेतात, गाडीत, इस्पितळात राहिली. तिचा अर्थ त्यांना दहाव्या वर्षी जेवढा कळला असेल त्याहून आज नक्की जास्त कळतो, कारण मधल्या काळात ते जगले. अर्थ आधी समजावून मग कविता देणं ही उलटी रीत आहे. आधी कविता द्यावी. अर्थ त्याच्या वेळेला येतो.

तुझ्याविषयी सगळं गोडच बोलावं असं मात्र मला वाटत नाही. तुझी लय कुणाच्याही कामाला येते. चौकाचौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात, त्यावर यमकं असतात. निवडणुकीत तुझ्याच चालींवर शब्द बसवून कर्णे फिरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी लिहिलेल्या सुमार ओळी कुसुमाग्रजांच्या नाहीतर पाडगावकरांच्या नावावर फिरतात, आणि लोक त्यांना खरंच त्या मोठ्या कवींच्या समजून हात जोडतात. मला याचं वाईट वाटतं. ज्या गुणामुळे तू काकीच्या उपयोगी पडलीस, लक्षात राहण्याचा, पटकन ओठांवर येण्याचा, त्याच गुणावर खुशामतही जगते. यावर उपाय एकच दिसतो, की लोकांच्या कानावर चांगलं इतकं पडावं की वाईट ऐकल्यावर कान नाही म्हणेल. शार्दूलविक्रीडितात चुकलेलं अक्षर ओळखणारी ती आत्या खोटं यमकही ओळखते.

आता माझ्या मनातलं सगळ्यांत मोठं ओझं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. त्याच वर्षी जुलैत आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. ते नंदाखालचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, वसईची हिरवी वाडी वाचवायला रस्त्यावर उतरले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईच्या ख्रिस्ती माणसाची मराठी ही महाराष्ट्राची मराठी आहे, हे त्यांच्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण त्या मराठीच्या खाली, घरात, आमची आणखी एक बोली आहे. तिला आम्ही कादोडी म्हणतो, कुणी सामवेदी म्हणतात. ख्रिस्ती कुपारी आणि सामवेदी ब्राह्मण दोघंही ती बोलतात. पोर्तुगीज आले, दोन शतकं राहिले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, धर्म दोन झाले, आडनावं दोन तऱ्हेची झाली, पण बोली वाटून घेता आली नाही. ती दोन्ही घरांत तशीच राहिली.

या बोलीत प्रार्थना नाही. प्रार्थना मराठीत. या बोलीत शाळा नाही. शाळा आधी मराठीत होती, आता बहुतेक इंग्रजीत. या बोलीत सरकारी कागद नाही, दुकानाची पाटी नाही. मग तिच्यात काय आहे? घरातली भांडणं आहेत, बाजारभाव आहे, लहान मुलाला जोजवणं आहे, आणि गाणी आहेत. लग्नघरी जमलेल्या म्हाताऱ्या बाया लाल लुगडं नेसून बसतात आणि कादोडीत गातात. अलीकडे या बोलीत 'कादोडी' नावाचा अंक निघतो, तरुण मुलं तिच्यात लिहायला लागली आहेत, याचं मला अपार कौतुक आहे. पण छापलेलं थोडं आणि तोंडी असलेलं पुष्कळ. त्या तोंडांपैकी दर पावसाळ्यात काही कमी होतात.

इथे तुझा तिसरा उपयोग आहे, आणि तो तुझ्याशिवाय दुसरं कुणीच करू शकत नाही. बोलण्यातला शब्द काम झालं की विरतो. ज्या वस्तूचा तो शब्द होता ती वस्तू गेली की शब्दही जातो. रहाटाच्या भागांची नावं आज आमच्यातल्या किती जणांना सांगता येतील? पण तो शब्द गाण्यात बसला असेल, तर त्याच्या मात्रा मोजलेल्या असतात. तो काढला तर ओळ लंगडते. म्हणून गाणारी बाई अर्थ विसरली तरी शब्द टाकत नाही. वस्तू जाऊनही नाव राहतं, आणि नातवंडांतल्या कुणाला तरी एक दिवस विचारावंसं वाटतं की हे काय.

म्हणून आता मागणं.

नाताळ झाला की माझ्या भाचीचं लग्न आहे. ती परदेशात परिचारिका आहे. मुलगाही तिकडेच भेटलेला, केरळचा. त्याला मराठी येत नाही, कादोडीचा तर प्रश्नच नाही. घरात म्हाताऱ्या दोघीच उरल्या आहेत ज्यांना लग्नाची गाणी पूर्ण येतात, आणि त्यांतली एक आता पाऊण ओळीवर थांबते. जुनी गाणी म्हणायची आहेतच. पण त्या गाण्यांतला नवरा शेजारच्या गावाहून बैलगाडीने येतो. हा विमानाने येणार आहे. जुन्या गाण्यात विहीर गोड्या पाण्याची आहे. आमच्या बाजूच्या किती विहिरींचं पाणी टँकरवाल्यांच्या उपशाने खारं झालं, ते तू जाणतेस. जुन्या गाण्यातली सासू वाडीच्या पलीकडे राहते. हिची सासू कोट्टयमला राहते आणि दोघींना एकमेकींशी बोलायला इंग्रजीच आहे.

तेव्हा कादोडीत चार नवी कडवी हवी आहेत. चाल जुनीच राहू दे, म्हणजे म्हाताऱ्यांना धरता येईल. नवऱ्याची थट्टा हवी, नाहीतर बाया गाणार नाहीत. त्याच्या आईचं नाव आलं पाहिजे, आणि ते नाव आमच्या जिभेला वळेल अशा जागी आलं पाहिजे. खारी विहीरही आली पाहिजे. तिच्याविषयी मांडवात गाऊन सांगितलं तर ऐकतील. सभेत सांगून झालं आहे. मोगरा, कागडा ही नावं येऊ देत, कारण भाचीच्या मुलांना ती फुलं बहुधा माहीत नसतील. आणि शेवटचं कडवं असं असावं, की केरळच्या पाहुण्यांनाही ध्रुवपदापुरता आवाज मिसळता येईल. प्रतिसाद स्तोत्र त्यांच्या चर्चमध्येही म्हणतात, त्यामुळे एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची त्यांना सवय आहे.

मी आणि शेजारची आत्या मिळून बसणार आहोत. मंगलाष्टकं रचण्यात तिचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही, आणि कादोडी तिचीही घरची आहे. रविवारी मिस्सा आटोपून मी तिच्याकडे जाईन. दोन्ही म्हाताऱ्यांनाही तिथेच बोलावलं आहे, पाऊण ओळीवर थांबणारीलासुद्धा, कारण उरलेली पाव ओळ दुसरीला येते. वही मी आणते. तू ये.

तुझी,
गासची एक शिक्षिका